आधी माणसाला विचार

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. अकरावी आर्ट्सला समाजशास्त्र घेतलंस, पहिल्याच चाचणीत मार्क कमी पडले, पेपरावर ‘पुस्तकातल्या भाषेत लिही’ असा शेरा आला आणि आता विषय बदलून भूगोल घ्यावा का, असं विचारते आहेस. मार्कांचं तू सांभाळशील, त्याची मला काळजी नाही. मला बोचलं ते पुढचं वाक्य: ‘मॅडम, यातलं सगळं आपल्याला आधीच माहीत असतं, त्यात शिकायचं काय?’

माहीत असतं? बरं. दिंडोरीला तुमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणीला, म्हणजे फळ धरायच्या छाटणीला, सुरगाणा-पेठकडून मजुरांची टोळी येते. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावायचं काम त्यांच्यात कोण करतं, बाया की गडी? हातमोजे असतात का? काम एकरी उक्तं ठरतं, ते कोणाशी ठरतं आणि पैसे आधी कोणाच्या हातात पडतात? टोळीबरोबर आलेली पोरं त्या दिवसांत कुठल्या शाळेच्या हजेरीपटावर असतात? यातलं तुला सांगता येत नसेल, तर ते तुला माहीत नाही. फक्त रोज दिसतं.

म्हणून सांगते, आधी माणसाला विचार. पुस्तक त्यानंतर उघड.

पुस्तक टाकून दे असं मी म्हणत नाही. जन्मानं मिळतो तो अर्पित दर्जा, स्वतः मिळवतो तो अर्जित दर्जा, घरासारखा जवळचा गट तो प्राथमिक समूह, हे शब्द लागतातच, ते नीट शिक. पण पुस्तकात विवाह एका धड्यात असतो, स्तरीकरण, म्हणजे समाजातली उतरंड, दुसऱ्या आणि काम-धंदा आणखी कुठंतरी. टोळीतल्या एखाद्या बाईजवळ तासभर बस. मुकादम तिचा कोण लागतो, उचल कोणाच्या लग्नासाठी घेतली, हे ती सांगेल, तेव्हा तिन्ही धडे एकाच बोलण्यात येतील.

तू लिहितेस, ‘आमच्या घरी जात पाळत नाहीत.’ माझा विश्वास आहे. तुझ्या वडिलांनी मजुरांना आपल्या शेजारी जेवायला बसवलेलं मी पाहिलंय. आता घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढ. आई, काकू, आत्या, मामी, सगळ्यांची माहेरची आणि सासरची आडनावं एका कागदावर मांड. तो कागद समोर ठेवून बाबासाहेबांचा 1916 सालचा निबंध वाच. पंचविशीत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी तो मांडला होता. जातीतल्या जातीत लग्न करण्यावरच जात उभी आहे, हा त्याचा गाभा. वाचताना तुला राग येईल, कदाचित माझाही येईल. येऊ दे. पण कागद फाडू नकोस.

तसंच काळाराम मंदिराचं. सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, एवढं तुला एका मार्काच्या प्रश्नापुरतं येतं. त्या लढ्याचा नाशकातला भार ज्यांनी वाहिला ते दादासाहेब गायकवाड तुझ्याच तालुक्यातले, आंबे दिंडोरीचे. तिथं कोणाच्या घरात त्या दिवसांबद्दल आजही काय सांगितलं जातं, आणि कोणाच्या घरात काहीच सांगितलं जात नाही, हे कधी विचारलंस? मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. गप्प बसणारी घरंही गावाबद्दल खूप काही सांगतात.

माझी आजी सिन्नरला विड्या वळायची. हजारामागे किती विड्या छाटात, म्हणजे नापास म्हणून बाजूला, जायच्या, ते कोण ठरवायचं, त्यावरून कधी भांडण झालं का, हे मला तिच्याकडून हवं होतं. मी हा विषय शिकायला लागले तोवर ती गेली होती. आता कुठल्याच ग्रंथालयात मला ते मिळणार नाही. तुझी आजी आहे. मग कसली वाट बघतेस?

मी वर्गात नोट्स उतरवून दिल्या नाहीत. नोकरी संपेपर्यंत नाही. पालक तक्रारी घेऊन आले, संस्थेनं निकालाचे तक्ते पुढ्यात ठेवले, स्टाफरूममध्ये मला हट्टी ठरवलं गेलं. मी मुलांना सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर नेत राहिले. काहींचे मार्क त्यामुळे कमी झाले असतील, त्याचं मला वाईट वाटतं. तरी पुन्हा नोकरी मिळाली तर मी पुन्हा हेच करीन. ती मुलं आज भेटतात तेव्हा कायम आणि कंत्राटी कामगार जेवायला वेगळे का बसायचे, यावर अजून वाद घालतात. उतरवून दिलेल्या व्याख्येवर इतकी वर्षं कोणी वाद घातला असता?

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुढे 1970 मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत त्या गावावरची त्यांची टिपणं जळाली. तरी त्यांनी आठवणींवर त्या गावाचं पुस्तक लिहिलं. ते लिहिता आलं, कारण त्या माणसांत ते राहिले होते, त्यांना विचारत बसले होते. माझा हट्ट तुला जुनाट वाटत असेल तर हे लक्षात घे.

भूगोल चांगला विषय आहे, घ्यायचा तर आवडीनं घे. ‘यात काही शिकण्यासारखं नाही’ म्हणून समाजशास्त्र सोडणार असशील, तर मला ते पटणार नाही आणि तुझ्या वडिलांपुढे मी तुझी बाजू घेणार नाही.

आता प्रकल्पाचं. ‘सोशल मीडियाचे परिणाम’ असला नेटवरून उतरवायचा विषय आणलास तर मी वाचायला घेणार नाही. या छाटणीला तुमच्या मुकादमाशी बोल. उचल कधी देतो, कशी फेडून घेतो, टोळीत कोणाला घेतो आणि कोणाला नाही. नंतर तेच प्रश्न टोळीतल्या बायांना विचार, तो जवळ नसताना. त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरव, शुद्ध करायला जाऊ नकोस. कोणाचं नाव लिहू नकोस. तुझं मत शेवटच्या पानावर वेगळं लिही. दोघांच्या उत्तरांत जिथं मेळ बसणार नाही, तिथं समासात खूण कर आणि वही घेऊन ये. आपण त्या खुणांपासून सुरुवात करू.

तुझी,
मॅडम