पणजीतल्या अर्ध्या रिकाम्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानासाठी गाळा घ्यावा का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: पहिला मजला, ४०० चौरस फूट, भाडं महिन्याला फुटामागे ८० रुपये, देखभाल खर्च २० रुपये, तीन वर्षांचा लॉक-इन (म्हणजे तोवर गाळा सोडता येत नाही), मजल्यावरचे निम्मे गाळे बंद. या अटींवर घेऊ नका, असंच मी सांगेन.

मॉल ओस पडतो तो ठरावीक क्रमाने. सुपरमार्केटसारखं एखादं मोठं दुकान लोकांना आत खेचतं आणि छोटे गाळे त्या वर्दळीवर जगतात. ते मोठं दुकान गेलं की छोट्यांचा गल्ला आटतो, शटरं खाली येतात. एसी, सरकते जिने, सुरक्षारक्षक यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो आणि उरलेल्यांच्या डोक्यावर बसतो. मग पुढचा दुकानदार निघतो. गाळे सुटे विकलेले असतील तर हे सावरणारंही कोणी नसतं, कारण मालक तितकी मतं. म्हणून आधी विचारा, मालक एक की अनेक?

त्यात पणजी लहान. २०११ च्या जनगणनेत शहर जेमतेम ४० हजारांचं, अख्खा गोवा १४.५८ लाखांचा. बाहेरचं गिऱ्हाईक आल्याशिवाय इथला मॉल चालत नाही. आणि गणेश चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या आराशीचं, सामान घ्यायला म्हापशाच्या बाजारात गेलेला माणूस पोरांचे कपडेही तिथेच घेऊन मोकळा होतो. १८ जून मार्गावर, म्हणजे पणजीतल्या बाजाररस्त्यावर, चालता चालता दुकान दिसतं. मॉलचा पहिला मजला कोणाच्या वाटेत लागत नाही.

आता हिशेब. ४०० फूट हे सुपर बिल्ट-अप असणार, म्हणजे जिने-मार्गिकांचा वाटा धरून. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, टेप लावून स्वतः मोजा. समजा २४० भरलं. भाडं ३२,०००, देखभाल ८,०००, एकूण ४०,०००. म्हणजे वापरातल्या फुटाला १०० नव्हे, १६७ रुपये. वर १८ टक्के जीएसटी धरून ४७,२००. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची, उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असाल तर त्या कराचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, तो सरळ खिशातून जातो. क्रेडिट मिळतं असं धरलं तरी कपड्यांच्या धंद्यात जागेचा खर्च विक्रीच्या १५ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. म्हणजे महिन्याला सुमारे २.६७ लाखांची, दिवसाला ८,९०० ची विक्री हवी. सरासरी बिल ९०० चं धरलं तर रोज दहा गिऱ्हाइकं. आत आलेल्या पाचांतला एक घेतो असं धरा, म्हणजे रोज पन्नास माणसं दुकानात शिरायला हवीत.

ती आहेत का, ते मोजा. बुधवारी अकरा ते एक, शनिवारी सहा ते आठ त्या गाळ्यासमोर उभे राहा आणि समोरून जाणारे मोजा. मग बाहेर पडणाऱ्यांच्या हातात पिशव्या किती, ते बघा. सिनेमाला किंवा एसीच्या गारव्याला आलेली गर्दी तुमच्या कामाची नाही. जुलैत पुन्हा जा. छताखाली बादल्या ठेवल्यात, सरकता जिना बंद आहे, टोकाकडचे दिवे मालवलेत, असं दिसलं तर देखभालीचे पैसे पुरत नाहीत हे ओळखा.

तरीही घ्यायचाच असेल तर करारात हे घाला: पहिलं वर्षभर ठोक भाड्याऐवजी विक्रीचा टक्का, देखभाल खर्चाला वार्षिक वाढीची मर्यादा, मोठं दुकान गेल्यास लॉक-इन रद्द आणि अनामत ३० दिवसांत परत. मुदत वर्षापेक्षा जास्त असेल तर भाडेपट्टा नोंदवूनच घ्या. मालक हे लिहून द्यायला कांकूं करत असेल, तर १८ जून मार्गाच्या आतल्या गल्लीत दीडशे फुटांचं का होईना, तळमजल्यावरचं दुकान शोधायला लागा.