वाचकांचे प्रश्न : रोगाचे कारण रेणूंत शोधावे की लोकसमूहात?

प्रश्न : पेशीतील बिघाड आता थेट रेणूंच्या पातळीवर तपासता येतो. मग हजारो लोकांची वर्षानुवर्षे पाहणी करणाऱ्या साथरोगशास्त्राची गरज उरते का?

उत्तर : उरते, आणि माझ्या मते पूर्वीपेक्षा अधिकच. एखादे रसायन डीएनएला इजा करते हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले, तरी रोजच्या जगण्यात माणसाच्या शरीरात जाणाऱ्या मात्रेने रोग होतो का, हे तेवढ्यावरून ठरत नाही. दुसरीकडे, पाहणीत दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून त्यांतली एक दुसरीचे कारण ठरत नाही.

अफ्लाटॉक्सिनचे उदाहरण घेऊ. शेंगदाणे, मका यांवर वाढणाऱ्या बुरशीचे हे विष यकृतात रूपांतरित होऊन डीएनएतील ग्वानिन या घटकाला चिकटते आणि पुढे त्याच्यासह सुटून लघवीवाटे बाहेर पडते. शांघायमध्ये १९८६ ते १९८९ या काळात १८,२४४ पुरुषांचे लघवीचे व रक्ताचे नमुने घेऊन जपून ठेवण्यात आले. नंतर ज्यांना यकृताचा कर्करोग झाला, त्यांचे नमुने रोग न झालेल्या समवयस्कांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. यांपैकी काहीच नसलेल्यांच्या तुलनेत, लघवीत केवळ या विषाच्या खुणा असलेल्यांमध्ये धोका सुमारे ३.४ पट, केवळ हिपॅटायटिस बी या यकृताला होणाऱ्या विषाणूचा संसर्ग असलेल्यांमध्ये सुमारे ७ पट आणि दोन्ही असलेल्यांमध्ये जवळजवळ ६० पट आढळला. आहाराविषयी विचारलेल्या प्रश्नांतून मात्र विषाचा हा संबंध दिसला नव्हता, कारण आपण काय खाल्ले हे माणूस सांगू शकतो, पण त्यात विष किती होते हे त्याला कुठून कळणार? येथे महत्त्वाचे हे की नमुने आजारापूर्वीचे होते. आजारानंतर घेतले असते, तर ती खूण कारणाची की रोगाच्या परिणामाची, हे सांगणे अवघड झाले असते.

१९९१ साली विष आणि रोग यांना जोडणारा आणखी एक दुवा मिळाला. चीनमधील चिडाँग आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग, म्हणजे जेथे हे विष अन्नात बरेच आढळते त्या प्रदेशांतील यकृताच्या गाठींमध्ये पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या पी५३ या जनुकाच्या २४९ क्रमांकाच्या जागी तोच तो बदल वारंवार सापडला.

या खुणांनाही मर्यादा आहेत. लघवीतील खूण गेल्या काही दिवसांचेच सांगते, रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले विष दोन-तीन महिन्यांचे. कर्करोग मात्र अनेक वर्षे घेतो. तरीही दोन कारणे एकमेकांचा जोर वाढवतात हे कळल्यामुळे, अन्नातील विष पूर्णपणे काढता येत नाही तेथेही हिपॅटायटिस बीची लस वेळेवर दिल्यास धोका मोठ्या प्रमाणात कमी करता येतो.