स्वित्झर्लंडच्या झरमॅट गावात गाड्या का नाहीत? तिथे स्थानिक माणसं राहतात की नुसती हॉटेलं आहेत?

गाड्या नकोत हे गावानेच ठरवलं. दरीतून रस्ता वर आणायचा प्रस्ताव लोकांनी मतदानात फेटाळला. त्यामुळे गाडी ५ किमी अलीकडे टॅशला ठेवायची आणि पुढे रेल्वेने जायचं. गावात खोक्यासारख्या छोट्या विजेच्या गाड्या फिरतात. आवाज नसतो, त्यामुळे मागून कधी येतात कळत नाही, जरा जपून!

गाव साधारण १६०० मीटर उंचीवर, तीन बाजूंनी बर्फाचे डोंगर. १४ जुलै १८६५ ला त्यांतलाच मॅटरहॉर्न (४४७८ मीटर) पहिल्यांदा सर झाला. सात जण वर पोचले, उतरताना चौघांचा जीव गेला. त्या बातमीने हे शेतकऱ्यांचं गाव जगाला माहीत झालं.

आणि हो, स्थानिक आहेत, चांगले घट्ट पाय रोवून आहेत. जुन्या घराण्यांची 'बुर्गरगेमाइंडे' नावाची संस्था आहे. कुरणं, जंगल आणि काही हॉटेलंसुद्धा तिच्या मालकीची. बाहेरच्याला तिचं सभासदत्व मिळणं महाकठीण. गावात मोठी हॉटेलं उभारणाऱ्या अलेक्झांडर झाइलरला त्यासाठी अनेक वर्षं कोर्टकचेरी करावी लागली.

गेलात तर हिंटरडॉर्फ ही जुनी वस्ती चुकवू नका. लाकडी कोठारं खांबांवर उभी असतात आणि खांब व कोठार यांच्यामध्ये दगडाच्या गोल चकत्या. उंदीर धान्यापर्यंत चढू नयेत म्हणून. मला तर मॅटरहॉर्नपेक्षा हीच जास्त आवडली.