उसना रुसवा

बेळगाव, एप्रिल २०२३

बाळ, अनेक आशीर्वाद.

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या ‘७२ सीझन्स’ या नव्या अल्बमवर कॉलेजच्या अंकासाठी लिहिलेला तुझा लेख वाचला. ‘मेटॅलिका आता पूर्वीची राहिली नाही’ हे पहिलं वाक्य, आणि शेवटचंही जवळजवळ तेच. मधल्या दोन पानांत राग भरपूर, गाणी मात्र तीनच. अल्बमवर १२ आहेत की गं.

एक विचारतो, रागावू नकोस. ही ‘पूर्वीची’ मेटॅलिका तुला भेटली कधी? गेल्या पावसाळ्यात एका अमेरिकन मालिकेत १९८६ सालचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजलं आणि तू क्लासला येऊन ‘सर, हे शिकवा’ म्हणून हटून बसलीस. त्यात कमीपणा काही नाही, तेव्हा जगभरच्या पोरांनी ते गाणं असंच उचललं. पण ओळख होऊन अजून वर्ष व्हायचंय, आणि तक्रार मात्र ४० वर्षांच्या संसाराची! हा रुसवा तुझा नव्हे. कॅम्पातल्या तुमच्या त्या ग्रुपातनं उसना आणलायस. (त्या ग्रुपात मराठी, कानडी, कोंकणी पोरं एका सुरात बँडला शिव्या घालतात, हे मला बरं वाटतं. एरवी आपल्या गावात दुकानाच्या पाटीवरून डोकी फुटतात.)

ज्यांचा तो रुसवा आहे त्यांच्याकडे कारणं आहेत. ती तरी समजून घे. १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बँडचा बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये त्याचा बेस इतका दाबला की शोधावा लागतो. १९९६ ला ‘लोड’ आला तेव्हा वेग उतरला होता, आणि कित्येकांनी तर गाणी ऐकायच्या आधीच फोटोतले कापलेले केस बघून तोंड फिरवलं. २००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये गिटारचे सोलोच नाहीत, आणि ड्रमर लार्स उलरिकने स्नेअरच्या, म्हणजे पुढ्यातल्या मुख्य ड्रमच्या, खालच्या तारा सोडून ठेवल्या, म्हणून तो ड्रम डबडं बडवल्यासारखा ठणठणतो. केसांचा राग आणि स्नेअरचा राग यांत फरक आहे, एवढं लक्षात घे. पहिला डोळ्यांचा, दुसरा कानांचा.

कानांच्या रागाचा सगळ्यात चांगला नमुना २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’. तुला पुढे साउंड इंजिनियर व्हायचंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. अल्बम मोठ्यानं वाजावा म्हणून आवाजाची पातळी इतकी चढवली की ध्वनीच्या लाटांची टोकंच कापली गेली. हळू आणि जोरात यांतलं अंतर संपलं, ड्रमचा ठोका पडला की आवाज फाटायला लागला. गणपतीत मंडळाचा डीजेवाला मिक्सरवरचे लाल दिवे विझूच देत नाही, तेव्हा होतं ते तसंच. गंमत अशी की तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमसाठीही दिली होती, आणि गेममध्ये ती इतकी दाबलेली नव्हती. चाहत्यांनी दोन्हींच्या लाटांची चित्रं शेजारी ठेवली आणि कुठे काय कापलंय ते दाखवून दिलं. सगळ्या वाद्यांचे आवाज पुन्हा मिक्स करा म्हणून हजारो लोकांनी अर्जावर सह्या केल्या. ज्यानं मास्टरिंग, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवायचं काम, केलं तो इंजिनियरही म्हणाला की माझ्याकडे मिक्स आला तेव्हाच तो चेपलेला होता. यातल्या कुणी ‘यांचं संपलं’ असं म्हटलं नव्हतं. आवाज इथे फाटतो, एवढंच म्हटलं होतं, आणि म्हणून त्याला वजन आलं.

आता तुझा ‘७२ सीझन्स’. गेल्या नोव्हेंबरात त्यातलं ‘लक्स इटर्ना’ हे गाणं आधी आलं, साडेतीन मिनिटांच्या आत आटोपणारं, धावतं. ‘हेच पाहिजे होतं’ म्हणून सगळे नाचले, तूही नाचलीस. मग १४ एप्रिलला अख्खा अल्बम आला, ७७ मिनिटांचा, आणि त्याच लोकांना तो लांबट वाटला. तूही लांबला म्हणतेस. कुठे लांबला? कुठल्या गाण्यात, कितव्या मिनिटाला? माझं विचारशील तर मधल्या तीन-चार गाण्यांत रिफ, म्हणजे गिटारचा तोच तो फिरणारा तुकडा, एक फेरी जादा फिरवलाय, तिथे कात्री चालली असती. पण सगळ्यात लांब, ११ मिनिटांचं ‘इनामोराटा’, मला अजिबात लांब वाटत नाही. मध्यावर गिटारी मागे सरतात आणि रॉबर्ट त्रुहियोचा बेस पुढे येतो, तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. ‘जस्टिस’मधल्या दडपलेल्या बेसवरून आजही कुरकुरणाऱ्यांनी इथे तरी कान द्यायला हवा होता. तुझ्या लेखात या गाण्याचं नावही नाही. शेवटपर्यंत पोचलीस का, खरं सांग.

आणि शब्दांवर एक ओळही नाही! ७२ ऋतू म्हणजे वर्षाचे चार धरून पहिली १८ वर्षं. (आपल्याकडचे सहा धरले असते तर १०८ झाले असते, जपमाळेएवढे.) त्या १८ वर्षांत घरानं, आईबापांनी जे आत भरलं ते माणूस पुढे किती काळ ओढत नेतो, यावर हा अल्बम आहे. ६० ला टेकलेला बँडचा गायक जेम्स हेटफिल्ड स्वतःच्या १८ वर्षांकडे वळून बघतोय, आणि तू आत्ता तिथेच उभी आहेस. तो खोटं बोलत असेल तर ते पहिल्यांदा तुला कळायला पाहिजे. पहिला अल्बम १९८३ मध्ये रेकॉर्ड केला तेव्हा तो १९ चा होता. तेव्हाचा आवाज आज मागणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, त्यांचंही तेव्हाचं वय त्या आवाजात अडकलंय. तुझं नाही.

या महिन्यातच, ८ तारखेला, कुमार गंधर्वांचं जन्मशताब्दी वर्ष सुरू झालं. आपल्या सुळेभावीत जन्मलेला हा मुलगा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गायचा आणि लोक तोंडात बोटं घालायचे. पुढे क्षयानं अंथरुणाला खिळले. देवासला त्या आजारातून उठून त्यांनी जे गाणं मांडलं त्यानं ऐकणारे दुभंगले. परंपरा मोडली म्हणून नाकं मुरडणारे कमी नव्हते. त्यांच्यातही दोन जाती होत्या. स्वर कुठे सोडला, तान कुठे तोडली हे सांगून भांडणारे, आणि नुसतेच ‘पूर्वीचा कुमार’ म्हणून उसासे टाकणारे. पहिल्यांशी वाद घालता येतो. दुसऱ्यांना चहा पाजायचा.

तेव्हा असं कर. शनिवारी दुपारी क्लासचे मोठे स्पीकर मोकळे असतात, ये. मोबाईलवर ऐकून मिक्सबद्दल लिहायचं नाही. वही आण, गाणं चालू असताना मिनिट-सेकंद टिपून ठेव, ग्रुपात तोवर काही विचारू नकोस. सगळं ऐकून ‘नाही आवडला’ असंच निघालं तर तसंच लिही, बँडची बाजू घे असं मी म्हणत नाही. गिटारिस्ट कर्क हॅमेट वा-वा पेडलवर (गिटारला ‘वा-वा’ बोलायला लावणारं ते पायाखालचं यंत्र) पाय ठेवून तेच तेच बोलतो, हे तुझं वाक्य अस्सल आहे, ते कुणी सांगितलं तरी काढू नकोस.

१० मेला विधानसभेचं मतदान, त्याआधी अंक प्रेसला जाणार असं तू म्हणालीस, म्हणजे वेळ आहे. मथळा मात्र बदल. ‘थकलेले सिंह’ या नावाचा लेख दरवर्षी कुणीतरी क्रिकेटवर लिहितोच.

तुझे सर,
टिळकवाडी