अन्नसाखळीत चार-पाचपेक्षा जास्त पोषण पातळ्या (कोण कोणाला खातो याचे टप्पे) सहसा का आढळत नाहीत?

याचे मुख्य कारण ऊर्जेच्या एकदिशीय प्रवाहात आहे. वनस्पतींनी प्रकाशसंश्लेषणातून मिळवलेल्या ऊर्जेचा मोठा भाग त्यांच्याच श्वसनात खर्च होतो, उरलेल्यातील बराचसा कोणी न खाताच विघटकांकडे (मृत अवशेष कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींकडे) जातो, आणि खाल्लेल्यातूनही न पचलेला भाग विष्ठेवाटे बाहेर पडतो. हीच गळती प्रत्येक पातळीवर होत असल्याने पुढच्या पातळीपर्यंत सरासरी १० टक्के ऊर्जाच पोहोचते. म्हणजे उत्पादकांमध्ये (वनस्पतींमध्ये) १०,००० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असेल, तर तृतीयक भक्षकांच्या, म्हणजे चौथ्या पातळीच्या, वाट्याला जेमतेम १० किलोज्यूल येतात, आणि एवढ्यावर आणखी एक पातळी तगणे अवघड असते. रेमंड लिंडमन यांनी १९४२ साली मांडलेला हा विचार पाठ्यपुस्तकांत ‘१० टक्के नियम’ म्हणून येतो, परंतु तो काटेकोर नियम नसून ढोबळ सरासरी आहे.

विद्यार्थ्यांची खरी गल्लत पिरॅमिडबाबत, म्हणजे उत्पादक तळाशी ठेवून एकेका पातळीचे प्रमाण दाखवणाऱ्या आकृतीबाबत, होते. ऊर्जेचा पिरॅमिड कधीच उलटा नसतो. जैववस्तुमानाचा (सजीवांच्या एकूण वस्तुमानाचा) मात्र असू शकतो, कारण समुद्रातील वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म उत्पादक) झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात, त्यामुळे एखाद्या क्षणी मोजलेले त्यांचे वस्तुमान त्यांना खाणाऱ्या प्राणिप्लवकांपेक्षा (तरंगणाऱ्या लहान प्राण्यांपेक्षा) कमी भरू शकते.