‘तू फक्त सांग, मी करतो’

ताई,
वय ४१. एका कंपनीत अकाउंट्स बघते. घरी नवरा, नववीतला मुलगा आणि सासरे. सासऱ्यांना गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. आता काठी घेऊन चालतात, पण त्यांच्या गोळ्या, फिजिओथेरपी, तपासण्या, रिपोर्ट सगळं माझ्या डोक्यात. नवरा वाईट नाही. ‘तू फक्त सांग, मी करतो’ म्हणतो. पण त्यानं केलं की निस्तरायला पुन्हा मीच. पहाटे साडेतीनला जाग येते आणि डोक्यात भुंगा सुरू होतो. मागच्या आठवड्यात मुलानं विचारलं, ‘आई, कात्री कुठेय?’ आणि मी एवढी ओरडले की तो दाराआड जाऊन उभा राहिला. कात्री त्याच्याच टेबलाच्या खणात होती. ऑफिसात रोजचा पासवर्ड आठवेना. कधीकधी वाटतं, कुणीतरी मला आठवडाभर हॉस्पिटलात ॲडमिट करावं. गंभीर काही नको, पण उठता येणार नाही असं काहीतरी. मैत्रीण म्हणते, तासभर लवकर ऊठ आणि ध्यान कर. बहीण म्हणते, नोकरी सोड. सोडू का? आणि मला अहोजाहो नका करू, थोरल्या बहिणीसारखं बोला.
– एक दमलेली

बरं, थोरल्या बहिणीसारखं बोलते.

आधी ते हॉस्पिटलचं. तू ते दोन ओळींत उरकून पुढे गेलीस, मी मात्र तिथंच अडकले. असं वाटणाऱ्या बायका मला माहीत आहेत, पुरुषही. बहुतेकांनी ते कुणाजवळ बोललेलं नसतं, कारण समोरचा लगेच म्हणणार, असं अभद्र काय बोलतेस. पण तू नेमकं काय मागते आहेस ते बघ. तुला आजार नकोय. आठवडाभर आपल्याकडे कुणी काही मागू नये, एवढंच हवंय, आणि त्यासाठी चारचौघांना पटेल असं कारण हवंय. ‘मी दमले आहे’ हे कारण तुला स्वतःलाच पुरेसं वाटत नाही, म्हणून त्यावर डॉक्टरांची सही हवी आहे.

इथं एक प्रश्न सरळच विचारते, राग मानू नकोस. ‘पडून राहावं’ याच्या पुढे विचार जातो का? ‘आपण नसलेलंच बरं’, ‘झोपेतून उठूच नये’ इथवर? एकदा जरी गेला असेल, तर माझं पुढचं सावकाश वाच. आजच नवऱ्याला किंवा बहिणीला याच शब्दांत सांग आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घे. तो विचार जोर धरत असेल तर एकटी थांबू नकोस, कुणाला तरी सोबत घेऊन थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. हे विचारलं म्हणून असले विचार डोक्यात शिरत नाहीत. विचारल्यानं बोलायला वाट मिळते, एवढंच.

आता कात्री. मुलगा पंधरा वर्षांच्या आसपासचा असेल. खण त्याच्या गुडघ्याजवळ. तरी त्यानं हाक मारली, कारण खण उघडून बघण्यापेक्षा आईला विचारणं सोपं. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही, घरानंच ही सवय लावली आहे. कोणती वस्तू कुठे आहे, कोणाचं काय कधी संपतं, कुठल्या कागदावर कुणाची सही हवी, हे सगळं तुझ्या डोक्यात असतं हे त्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे त्यांनी लक्षात ठेवायचं सोडून दिलंय.

तू ओरडलीस ते मात्र कात्रीमुळे नाही. कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग आहे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो आवाज आवरतो, शब्द तोलतो, एक गोष्ट ध्यानात धरून दुसरी करू देतो. ॲमी आर्नस्टेन या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी याच भागावर वर्षानुवर्षं काम केलंय. आपल्या हाताबाहेरचा ताण चढला की सगळ्यात आधी याचीच पकड सुटते, आणि झटक्यात उसळणारे मेंदूचे जुने भाग ताबा घेतात. म्हणजे रोजचा पासवर्ड न आठवणं आणि पोरावर तोल जाणं, हे एकाच कारणानं होतंय. तुझा स्वभाव बिघडलेला नाही, तुझी बुद्धीही कुठे गेलेली नाही. पण त्याची माफी माग. लांबलचक नको, तो वयात आलेला मुलगा आहे, अवघडून जाईल. ‘त्या दिवशी ओरडले ते चुकलंच, तुझं त्यात काही नव्हतं’, एवढं म्हण आणि विषय बदल.

(मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल: ध्यानाशी माझं वैर नाही, पुष्कळांना त्याचा फायदा होतो. पण जी बाई साडेतीनला टक्क जागी असते तिला ‘तासभर लवकर ऊठ’ म्हणणं म्हणजे कमाल आहे. तुझ्या डोक्यावर आणखी एक काम नको, त्याला ‘स्वतःसाठी वेळ’ असं गोंडस नाव दिलं तरी नको.)

खरं दुखणं तुझ्या नवऱ्याच्या त्या वाक्यात आहे. ‘तू फक्त सांग, मी करतो.’ तो हे मनापासून म्हणत असणार, आणि तरी ते ऐकून तुझं डोकं सणकत असणार, आणि मग आपण एवढ्या चांगल्या माणसावर का चिडतोय म्हणून वर अपराधी वाटत असणार. ॲलिसन डॅमिंजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ आहेत. २०१९ साली त्यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून एक निबंध लिहिला. घरात दिसत नाही अशा डोक्यातल्या कामाचे त्यांनी चार तुकडे पाडले: काहीतरी लागणार आहे हे आधीच ओळखणं, त्यासाठी पर्याय शोधणं, ठरवणं, आणि ते झालं की नाही यावर नजर ठेवणं. ठरवायची वेळ आली की बरीच जोडपी मिळून बसत होती. आधी ओळखणं आणि शेवटी नजर ठेवणं हे दोन तुकडे मात्र बहुतेक बाईच्याच वाट्याला.

तुझ्या घरात हे लावून बघ. सासऱ्यांना फिजिओथेरपीला नवरा घेऊन जातो, असं धरू. गाडी काढतो, हात धरून उतरवतो, तासभर बसतो. घरी आल्यावर त्यालाही वाटतं, आज बाबांचं मी केलं. पण वेळ कुणी घेतली? आधीचा रिपोर्ट कुठल्या फायलीत आहे हे कुणी सांगितलं? ‘डाव्या खांद्याचं विचारायला विसरू नकोस’ हा मेसेज कुणी केला? पुढची तारीख कुणाच्या फोनवर आली? त्यानं एक फेरी मारली, काम तुझ्याच डोक्यात राहिलं. सांगणं हेच तर काम आहे!

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मदत मागू नकोस. एक अख्खं खातं देऊन टाक, ओळखण्यापासून नजर ठेवण्यापर्यंत. पहिलं खातं सासऱ्यांच्या तब्येतीचं. वडील त्याचे आहेत हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. वडिलांच्या बाबतीत त्याला तुझ्याइतकीच काळजी आहे, त्यामुळे ते टिकायची शक्यता जास्त.

बोलायला वेळ नीट निवड. चिडलेली असताना नको, झोपायच्या आधी तर नकोच. सुट्टीच्या दिवशी, सासरे आडवे झाल्यावर, फाईल आणि गोळ्यांचा डबा समोर ठेवून बसा. ‘तू काहीच करत नाहीस’ या वाक्यानं सुरुवात केलीस तर पुढचा अर्धा तास त्यानं काय काय केलं याची यादी ऐकावी लागेल. त्यापेक्षा असं काहीतरी: ‘बाबांचं सगळं या महिन्यापासून तू बघ. मी सांगणार नाही, आठवणही करणार नाही. माझ्या डोक्यात आता जागा उरलेली नाही.’ आणि त्याच बैठकीत डॉक्टरांकडे, लॅबमध्ये, फिजिओथेरपिस्टकडे नोंदवलेला फोन नंबर बदलून त्याचा द्या. हे क्षुल्लक वाटेल. पण नंबर तुझा राहिला तर फोन तुलाच येणार, आणि आठवड्याभरात खातं परत तुझ्याकडे.

गोळ्यांचं तेवढं वेगळं. पक्षाघातानंतरच्या गोळ्या चुकवून चालत नाहीत, त्यामुळे तिथं ‘चुकून शिकेल’ हा प्रयोग नको. सात दिवसांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणा. ती ठरलेल्या दिवशी नवऱ्यानं भरायची. रिकामा कप्पा सगळ्यांना दिसतो, तुला विचारावं लागत नाही. सासऱ्यांची समज चांगली असेल तर त्यांनाही यात घ्या. आपल्याबद्दल सगळं परस्पर ठरतं याचा त्या वयात फार त्रास होतो.

आता थोडं तुझ्याशी भांडते. ‘त्यानं केलं की निस्तरायला पुन्हा मीच’ असं तू लिहिलं आहेस. कबूल, सुरुवातीला तो गोंधळ घालणार. एखादी फिजिओथेरपीची वेळ चुकणार, फाईल घरी राहणार, तुला घशाशी येणार. तेव्हा तू धावून गेलीस तर त्याला शिकायला काही उरत नाही. चुकलेली वेळ त्यानंच फोन करून पुन्हा घ्यायची, तिकडच्या बाईचं बोलणंही त्यानंच ऐकायचं. कागद तुझ्यासारखे तारखेनं लागणार नाहीत. नाही लागले तर नाही लागले. वर्षभर प्रत्येक बारकावा तू राखलास म्हणून सासरे आज उभे आहेत, हे खरंच आहे. पण तीच पद्धत प्रत्येकानं पाळावी हा हट्टही तुला मेटाकुटीला आणतोय. दोन्ही हातात धरता येणार नाही: काम दुसऱ्याकडे आणि रीत माझी.

मुलाचं त्या मानानं सोपं आहे. शाळेच्या तारखा, सह्या, प्रोजेक्टचं सामान हे त्याचं खातं. ‘कुठेय?’ या प्रश्नाला तुझं उत्तर यापुढे एकच, ‘बघ’. आठवडाभर कुरकुरेल.

पहाटेच्या साडेतीनचं. रात्रीच्या उत्तरार्धात शरीरातलं कॉर्टिसोल हे ताणाशी जोडलेलं हार्मोन वाढू लागतं, ते उठायची तयारी म्हणून, सगळ्यांचंच. ताणात असलेल्या माणसाची झोप तेव्हा पातळ असते, सहज मोडते. मग अंधारात डोक्याला जे सापडतं ते राक्षसाएवढं दिसतं. तेव्हा कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, फोन बघायचा नाही, घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवायचं. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बस, पेंग आली की परत ये. आणि रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिही. अमेरिकेत मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग झोपेच्या प्रयोगशाळेत ५७ तरुणांवर केला, २०१८ मध्ये तो छापून आला. पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली, आणि जितकं नेमकं लिहिलं तितकी लवकर. प्रयोग छोटा आहे आणि पहाटे जाग येण्यावर तो औषध नाही. तरी पाच मिनिटांत जातंय काय? ‘ऑफिसचं बघणे’ असं नको, ‘अकरा वाजता अमुक बिलाबद्दल फोन’ असं लिही. आणि त्या यादीत बाबांच्या तब्येतीची ओळ आली तर ती खोडायची. ते खातं आता तुझं नाही.

राहिली नोकरी. नको सोडूस, निदान आत्ता तरी नको. तुझं पत्र पुन्हा वाच: त्यात नोकरीची तक्रार जवळपास नाहीच. एक पासवर्ड, बस. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ ही कामाच्या ठिकाणाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवली आहे. तिची ओळख म्हणजे नोकरीच्या कामानं पार गळून जाणं, त्या कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुझ्या पत्रात ते मला दिसत नाही. दिवसातले ते आठ तास असे आहेत जिथं तुला एका वेळी एकच विचारलं जातं आणि तुझ्या कामाचे पैसे मिळतात. नोकरी सोडलीस तर तू ‘घरीच असतेस’ होशील, आणि आज जे थोडंफार नवऱ्याकडे आहे तेही तुझ्याकडे येईल. बहीण मायेनं सांगतेय, पण हिशेब चुकतोय तिचा. थोडी रजा शिल्लक असेल तर ती मात्र घे, आणि घरी कुणी नसताना घे. रजेच्या दिवशी कपाटं आवरायला काढलीस तर मला कळवूसुद्धा नकोस.

शेवटचं, आणि हे टाळायचं नाही. फॅमिली डॉक्टरांकडे स्वतःसाठी जा. सारखा थकवा, चिडचिड, विसराळूपणा, पहाटेची जाग यांच्या मागे कधी थायरॉइड असतं, कधी हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असतं, आणि चाळिशीत पाळी जायच्या आधीचे हार्मोनचे चढउतारही असेच दिसतात. साध्या रक्तचाचणीनं यातलं बरंचसं कळतं. डॉक्टर तुला आणखी दोन गोष्टी विचारतील: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं, आणि मन उदास, हताश किती दिवस होतं. ‘बहुतेक रोज’ असं उत्तर असेल तर ती नैराश्याची सुरुवात असू शकते. त्यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत, आणि ‘मी सहन करतेय ना’ हा त्यावरचा उपाय नाही.

जाताना मला लिहिलेलं हे पत्र छापून सोबत ने. डॉक्टरांसमोर बसलीस की तू ‘जरा थकवा आहे’ म्हणशील, बीपी बघून घेशील आणि सासऱ्यांचं काहीतरी विचारून परत येशील. तेव्हा बोलायच्या आधी कागद त्यांच्या हातात दे. आणि हॉस्पिटलची ती ओळ गाळू नकोस.

– ताई