वाचकांचे प्रश्न : मळी, यीस्ट आणि उन्हाळा

प्रश्न : आमच्याकडील कारखान्याच्या आसवनीत यीस्ट तेच वापरूनही एप्रिल-मेमध्ये अल्कोहोलचा उतारा का घटतो? (एक वाचक, जि. लातूर)

उत्तर : पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. मळीतील, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या दाट पाकातील, साखरेचे अल्कोहोल करताना यीस्ट हा सूक्ष्मजीव स्वतःच उष्णता सोडतो. त्याला साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअस मानवते, आणि मराठवाड्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना, त्यात टंचाईमुळे थंड पाणी अपुरे पडले, तर आंबवण्याची टाकी पस्तिशी सहज ओलांडते. अशा वेळी पेशी मरतात, साखर तशीच उरते आणि आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे फावते. एरवी १०० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ ग्रॅम अल्कोहोल मिळते, उरलेले कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. त्यामुळे साखरेच्या नासाडीला मुळातच फारशी जागा नाही.

खात्री करायची असेल, तर टाकीतील थेंबभर द्रावात मिथिलीन ब्लू हा रंग मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत पेशी रंगहीन राहतात.

‘यीस्ट तेच’ हेही तपासून घ्यावे. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले, तेव्हापासून बिअर बिघडण्याचे कोडे बरेचसे सुटले. मात्र आपल्याकडे जुन्याच टाकीतील विरजण पुन्हापुन्हा वापरण्याचा मोह सुटत नाही. उन्हाळ्यात तरी प्रयोगशाळेतील तिरप्या आगर-नळीपासून (आगर या घट्ट खाद्यावर शुद्ध यीस्ट जपलेल्या नळीपासून) ताजी वाढ घ्यावी. शिवाय उन्हात तापलेल्या टाकीत साठवलेल्या मळीतील साखरही हळूहळू घटते.